योहान सुवर्णमुख व लोकांची वाहवा

शेतांत खुरपणी चालली असावी, बांधावर मुकादम उभा असावा, आणि खुरपीं झपाझप चालत असावीं. मग मुकादम विहिरीकडे वळला कीं खुरपीं मंदावावीं व गोष्टी सुरू व्हाव्या, हा देखावा आमच्या खेडेगांवच्या वाचकांस नवा नाहीं. अशा कामास आपल्या भाषेंत तोंडदेखली चाकरी म्हणतात. पौल प्रेषितानें इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहितांना दासांस जो बोध केला त्यांत ह्याच चाकरीचा निषेध आहे. मूळ ग्रीक भाषेंत तिचें नांव ऑफ्थाल्मोदूलिया, म्हणजे डोळ्यांदेखत केलेलें दास्य, असें आहे. आणि जो ती करितो त्यास आन्थ्रोपारेस्कोस म्हटलें आहे. आन्थ्रोपोस म्हणजे मनुष्य, व आरेस्को म्हणजे संतोषविणें. तेव्हां मनुष्यांस संतोषविणारा, मर्जी राखणारा, असा त्या जोडशब्दाचा सरळ अर्थ होतो. नव्या करारांत हा शब्द ह्या दोन ठिकाणींच येतो. त्याच्याही पूर्वीं स्तोत्र ५३ च्या ग्रीक भाषांतरांत, ज्यांचीं हाडें देव विखरून टाकितो त्या लोकांस हेंच नांव दिलेलें आढळतें; इब्री मुळांत तेथें वेढा घालून बसणाऱ्या शत्रूविषयीं बोलणें आहे.

येथवर सर्व सोपें आहे. परंतु आरेस्को हें क्रियापद वाईट नव्हे. प्रत्येकानें आपल्या शेजाऱ्याचें बरें व्हावें म्हणून त्यास संतोषवावें असें हाच पौल रोमकरांस सांगतो. मी सर्व गोष्टींत सर्वांस संतोषवितों असें तो करिंथकरांस आपल्याविषयीं कळवितो. आणि गलतीकरांस मात्र, मी अजून मनुष्यांस संतोषवीत असतों तर ख्रिस्ताचा दास नसतों, अशा अर्थाचें लिहितो. तिन्ही ठिकाणीं क्रियापद एकच. मग संतोषवावें तरी कोणीं, कोणास, आणि कोठवर? केवळ कोश उघडून हें कळत नाहीं असें आम्हांस वाटतें. म्हणून ज्याची मातृभाषाच ग्रीक होती, ज्यानें ह्या दोन्ही पत्रांवर मंडळीपुढें उपदेश केले, व ज्यास ह्या शब्दाचा अर्थ स्वतःच्या देहावर शिकावा लागला, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

योहान हा सिरिया देशांतील अंत्युखिया नगरीं इ. स. ३४७ च्या सुमारास जन्मला. शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम मिळालें तेंच हें नगर. आज तें तुर्कस्थानांत असून त्यास अंताक्या म्हणतात. बाप सरकारी लष्करी खात्यांत कामगार होता; तो योहान तान्हा असतांच वारला. आई आंथूसा वीस वर्षांची विधवा. तिनें पुनः लग्न केलें नाहीं व सर्व जीव मुलाच्या शिक्षणांत घातला. त्या काळीं वक्तृत्व हीच मोठी विद्या होती, आणि तिचा मोठा पंडित लिबानियस हा त्याच नगरीं शाळा चालवीत असे. तो ख्रिस्ती नव्हता. मरणसमयीं त्यास कोणीं विचारलें कीं तुमच्या गादीवर कोणास बसवावें, तेव्हां ख्रिस्त्यांनीं चोरून नेला नसता तर योहानासच, असें त्यानें उत्तर दिलें, अशी गोष्ट जुन्या इतिहासकारांनीं लिहून ठेविली आहे.

ह्या विद्येचा हेतु काय होता हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व कथेचें मूळ तेथें आहे. श्रोत्यांस डोलावयास लावणें, त्यांच्या टाळ्या घेणें, हेंच तिचें फळ समजत. म्हणजे मनुष्यांस संतोषविण्याची कला योहानानें उत्तम गुरूपाशीं शिकून घेतली होती.

बाप्तिस्मा झाल्यावर त्यानें ती वाट सोडली. आईनें रडून अडविलें तरी शेवटीं तो डोंगरांत गेला. चार वर्षें एका वृद्ध तपस्व्यापाशीं व दोन वर्षें एकटाच गुहेंत राहिला, झोंप जवळजवळ टाकून शास्त्र पाठ करीत बसला, आणि पोट व मूत्रपिंडें कायमचीं बिघडवून घरीं परतला. इ. स. ३८१ त तो सेवक झाला व ३८६ त वडील झाला. त्या सुमारास त्यानें याजकपणाविषयीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत, उपदेशकाजवळ दोन गोष्टी एकत्र पाहिजेत असें तो दाखवितो: बोलण्याचें सामर्थ्य व स्तुतीविषयीं बेपर्वाई. पहिली असून दुसरी नसेल तर तो लोकांच्या आवडीचा गुलाम होतो. दुसरी असून पहिली नसेल तर त्याचा कोणास उपयोग होत नाहीं.

लिहिणें एक व उपदेशासाठीं उभें राहणें एक. योहान बोलूं लागला म्हणजे मंदिरांत पाय ठेवावयास जागा नसे. लोक मन लावून ऐकत तेवढ्यांत गर्दीत शिरलेले खिसेकापू त्यांच्या थैल्या कापीत, व ह्यासाठीं उपदेशाला येतांना पैसे घरीं ठेवा असें त्यास सांगावें लागलें. उपदेश संपला कीं पुष्कळ लोक प्रभुभोजनास न थांबतां निघून जात, हें त्याचें मोठें दुःख होतें. ज्याच्याविषयीं तो बोलला तो मेजावर वाट पाहत असतां, बोलणाऱ्याचेंच कौतुक करून मंडळी पांगत असे. आणि टाळ्या! त्या काळीं मंदिरांत टाळ्या वाजविण्याची चालच होती. पुढें राजधानींत प्रेषितांच्या कृत्यांवर उपदेश करितांना त्यानें ही गोष्ट उघड काढली. त्यानें मोकळेपणीं कबूल केलें कीं टाळ्या ऐकल्या म्हणजे मीही मनुष्य आहें, त्या वेळीं मला गोड वाटतें. परंतु घरीं गेल्यावर, टाळ्या वाजविणारांस कांहींच लाभ झाला नाहीं हें मनांत येऊन मी रडतों. म्हणून ह्यापुढें उपदेशांत कोणीं टाळी वाजवूं नये असा नियम आपण आजच करूं, असें त्यानें सुचविलें. तें वाक्य लोकांस इतकें आवडलें कीं त्यांनीं तेथेंच टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्यांतील ज्या पाळकांस दाराशीं उभें राहून, आजचा बोध फार सुरेख झाला, हें ऐकण्याची संवय आहे, त्यांनीं ही गोष्ट हंसून सोडून देऊं नये.

इ. स. ३८७ त एका नव्या कराच्या रागानें अंत्युखियाच्या जमावानें बादशहा थिओदोसियस व त्याचें कुटुंब ह्यांचे पुतळे पाडून रस्त्यांतून ओढले. मग शुद्धीवर येऊन सर्व शहर थरथर कांपूं लागलें, कारण ह्या अपराधास नगरनाशाची शिक्षा होऊं शकत होती. वृद्ध बिशप फ्लावियन क्षमा मागण्यास शेंकडों मैलांवर राजधानीस निघाला, आणि मागें योहानानें त्या उपासाच्या दिवसांत मंडळीस धीर दिला. भयभीत लोकांस नुसतें गोंजारणें सोपें होतें. त्यानें धीरही दिला आणि शपथा वाहणें, निंदा करणें हीं पापें सोडा असेंही रोज बजाविलें. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत बिशप क्षमा घेऊन परत आला. शेजाऱ्याचें बरें व्हावें म्हणून त्यास संतोषविणें हें पौलाचें वचन त्या दिवसांत योहानाच्या हातून पुरें झालें असें आम्ही समजतों.

परंतु ह्याच वर्षांत त्याच्या हातून एक मोठा अपराधही झाला, व तो लपविणें म्हणजे आम्हीं आमच्या वाचकांची मर्जी राखणें होईल. मंडळींतील कित्येक जण यहूद्यांच्या सणांस जात, त्यांस थांबविण्यासाठीं त्यानें इ. स. ३८६ व ३८७ ह्या सालीं जे उपदेश केले, त्यांत यहूदी लोकांविषयीं अत्यंत कडवट व अन्यायाचे शब्द आहेत, आणि पुढील शतकांत त्या लोकांचा छळ करणारांनीं ते शस्त्रासारखे वापरले. मर्जी न राखणारा मनुष्य नेहमींच सत्य बोलतो असें नाहीं. जिभेस भीड नसली म्हणजे ती प्रीति सोडूनही धांवते, आणि योहानाची जीभ फार धारेची होती.

इ. स. ३९७ त राजधानी कॉन्स्टंटिनोपल येथील बिशप वारला. त्या जागेसाठीं खटपट करणारे पुष्कळ होते. योहानानें केली नव्हती. बादशहा आर्कादियस हा दुबळा असून सर्व सत्ता यूत्रोपियस नांवाच्या खोजाच्या हातीं होती. त्यानें योहानाचें नांव ठरविलें. अंत्युखियाचे लोक त्यास सोडणार नाहींत हें जाणून तेथील सुभेदारानें त्यास एका हुतात्म्याच्या कबरीच्या निमित्तानें शहराबाहेर बोलाविलें व गाडींत घालून परस्पर रवाना केलें. ३९८ च्या आरंभीं त्याची स्थापना झाली. ती करणारा आलेक्सांद्रियाचा बिशप थिओफिलस ह्याच्या मनांत दुसराच माणूस होता. त्यानें नाइलाजानें हात ठेविले.

नव्या बिशपानें पहिल्याच वर्षांत जितक्यांस दुखवितां येईल तितक्यांस दुखविलें. बिशपाच्या वाड्यावरील खर्च काटून त्यानें त्या पैशांत आजाऱ्यांसाठीं इस्पितळें बांधिलीं. पोटाच्या दुखण्यामुळें व स्वभावामुळेंही तो एकटाच साधें अन्न जेवी. मेजवान्या बंद झाल्या. एका पाहुण्या बिशपास उतरावयास बरी खोली मिळाली नाहीं, तो जन्माचा वैरी झाला. आपल्या घरांत कुमारिका ठेवून राहणाऱ्या याजकांस त्यानें ती चाल सोडावयास लाविली. सोन्याचे प्याले वेदीवर वाहून दाराशीं भुकेल्यास तसाच ठेवणाऱ्या श्रीमंतांस तो अंत्युखियांत असतांपासून बोलत आला होता, तेंच येथेंही चाललें. गॉथ लोकांस मात्र, जे राजधानींत परके व रानटी समजले जात, त्यानें एक मंदिर दिलें, त्यांच्या भाषेंत उपासना चालविली, व स्वतः तेथें जाऊन दुभाष्याच्या द्वारें उपदेश केला.

ह्या सर्वांत आम्हांस वाटतें कीं थोडी गोडी असती तर बिघडलें नसतें. पाहुण्यास चांगली खोली देण्यानें सत्याचें कांहीं जात नाहीं. परंतु ३९९ सालीं जें झालें त्यांत त्याचें मन स्वच्छ दिसतें. यूत्रोपियस त्या वर्षीं वैभवाच्या शिखरावरून एकाएकीं कोसळला. सत्तेंत असतांना त्यानें, मंदिरांत आश्रय घेण्याचा हक्क कमी करणारा कायदा करविला होता व योहानानें त्यास विरोध केला होता. ज्यानें आपणांस पद दिलें त्याचीही भीड त्यानें धरली नाहीं. आतां तोच यूत्रोपियस धांवत येऊन वेदीस बिलगला. बाहेर शिपाई व लोक त्याच्या रक्तासाठीं ओरडत होते. योहानानें त्यास बाहेर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं, तो वेदीपाशीं कांपत पडला असतां, भरलेल्या मंदिरांत योहानानें ऐश्वर्याच्या फोलपणावर उपदेश केला व शेवटीं श्रोत्यांस त्याच्यासाठीं दया मागावयास लाविलें. शब्द त्या पडलेल्या मनुष्यासही बोचले असतील. पुढें यूत्रोपियस मंदिरांतून निघाला व पकडला जाऊन मारला गेला. पण त्या दोन दिवसांत योहानानें ना दरबाराची मर्जी राखली ना जमावाची.

राणी यूदोक्सिया आरंभीं त्याच्यावर प्रसन्न होती. हुतात्म्यांच्या अस्थि रात्रीं मिरवीत नेल्या तेव्हां ती पायीं चालली, व योहानानें तिची अशी भरभरून स्तुति केली कीं ती वाचून आज आम्हांस संकोच वाटतो. पुढें सेवेरियन नांवाचा एक बिशप राजधानींत आला. तो गोड बोलणारा होता, आणि योहान ४०१ सालीं इफिसाकडे, पैसे देऊन बिशप झालेल्यांची चौकशी करावयास गेला असतां त्यानें दरबारीं व मंडळींत चांगला जम बसविला. परत आल्यावर दोघांचें जुळेना. तेव्हां राणीनें आपलें तान्हें मूल, लहान थिओदोसियस, मंदिरांत आणून योहानाच्या मांडीवर ठेविलें व मुलाची शपथ घालून समेट मागितला. योहान वळला. ह्या मुलास वाचकांनीं विसरूं नये.

समेट टिकला नाहीं. स्त्रियांच्या नटण्यावर योहान बोलला कीं तो बाण राणीवरच आहे असें तिला सांगणारे पुष्कळ होते. इकडे थिओफिलसानें छळून हांकलून दिलेले मिसरी साधु योहानाच्या आश्रयास आले, त्यामुळें तोही चवताळला. इ. स. ४०३ त खाडीपलीकडे, ओक नांवाच्या ठिकाणीं, त्यानें आपल्या बाजूचे सुमारें छत्तीस बिशप जमवून सभा भरविली. योहानावर एकोणतीस आरोप ठेविले. एकटा जेवतो हाही त्यांत होता. तो त्या सभेपुढें गेला नाहीं, म्हणून त्यास पदच्युत करून हद्दपार केलें.

शहर खवळलें. त्याच वेळीं राजवाड्यांत कांहीं अनर्थ घडला, कोणी म्हणतात भूकंप झाला, व राणीनें भिऊन त्यास परत बोलाविलें. योहान शहराबाहेर थांबला. मोठ्या सभेनें निर्दोष ठरविल्याखेरीज मी आसनावर बसणें नियमास धरून नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें, व तें बरोबर होतें. परंतु हर्षानें वेडा झालेला लोकसमूह ऐकेना. मशाली पेटवून त्यांनीं त्यास मिरवीत आणिलें व आसनावर बसविलें, आणि तो बसला. पुढें ह्याच गोष्टीचा फांस झाला: सभेच्या निकालावांचून आसनावर बसला तो कायमचा बाद, असा अंत्युखियाच्या एका जुन्या सभेचा नियम शत्रूंनीं काढून दाखविला. राजाराणीपुढें न वांकलेला हा मनुष्य आपल्यावर जीव टाकणाऱ्या लोकांपुढें एकदां वांकला. ज्याच्या रागाची आपणांस भीति वाटते त्याला नाहीं म्हणणें कठीण असतें खरें. परंतु ज्याची प्रीति आपणांस हवी असते त्याला नाहीं म्हणणें आम्हांस त्याहून कठीण दिसतें.

दोन महिन्यांतच राणीचा रुप्याचा पुतळा मोठ्या मंदिराजवळ तांबड्या दगडाच्या खांबावर उभारला गेला. त्या वेळच्या खेळतमाशांचा गोंगाट उपासनेंत ऐकूं येई. योहानानें त्याचा कडक निषेध केला, आणि शेवटची गांठ तुटली. त्या खांबाची बैठक एकोणिसाव्या शतकांत सांपडली व ती इस्तंबूल येथें पाहावयास मिळते, पुतळा गेला.

इ. स. ४०४ च्या पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्रीं, बाप्तिस्म्यासाठीं जमलेल्या लोकांवर शिपाई सोडण्यांत आले. स्त्रियांस अर्धवस्त्र पळावें लागलें, व कुंडांतील पाणी रक्तानें लाल झालें. जून महिन्यांत योहानास कायमची हद्दपारी झाली. ह्या वेळीं लोकांनीं पुनः दंगा करूं नये म्हणून तो त्यांस न कळवितां एका बाजूच्या दारानें निघून गेला. जमाव मुख्य दारापाशीं त्याची वाट पाहत होता. आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतील हें मोठें कृत्य होय. हजारों तोंडांनीं त्याचा जयजयकार केला असता; तो त्यानें होऊं दिला नाहीं. तरी त्याच रात्रीं मोठें मंदिर जळून गेलें, व त्याचा ठपका त्याच्या मित्रांवर आला.

आर्मेनियाच्या डोंगरांत कुकुसस हें लहानसें गांव त्यास नेमून दिलें. थंडी, ताप, पोटदुखी, दरोडेखोरांचें भय. हद्दपारींत त्यानें लिहिलेलीं सुमारें २४० पत्रें आज उपलब्ध आहेत. त्यांपैकीं सतरा ओलिंपियास नांवाच्या सेविकेस आहेत. ही श्रीमंत विधवा, बादशहाच्या आग्रहासही न जुमानतां पुनः लग्न न करितां मंडळीच्या सेवेंत राहिली होती. पत्रांत तो आपलीं दुखणीं सांगतो, तुमचीं पत्रें कां येत नाहींत म्हणून रुसतो, तिचें दुःख हलकें व्हावें म्हणून पानेंच्या पानें लिहितो. फिनिकेंतील मूर्तिपूजकांमध्यें व गॉथ लोकांमध्यें चाललेल्या कामासाठीं माणसें व पैसे ह्यांची व्यवस्था करितो. ह्या पत्रांत टाळ्या नाहींत. लोकांविषयींची काळजी मात्र आहे, आणि ती राजधानींतल्यापेक्षां अधिक कोमल झालेली दिसते. दासांविषयीं पौलानें जें लिहिलें त्यावर उपदेश करितांना त्यानें दास्य हें मनुष्याच्या लोभाचें फळ आहे असें सांगितलें होतें; आतां तो स्वतः शिपायांच्या ताब्यांत होता, आणि त्याच्यावर नजर ठेवणारांची कधींच कमतरता नव्हती.

अंत्युखियाचे जुने मित्र त्यास भेटावयास येत, हें शत्रूंस सोसेना. इ. स. ४०७ त त्यास काळ्या समुद्राच्या दूरच्या टोंकास पित्युस येथें पायीं नेण्याचा हुकूम निघाला. उन्हांत व पावसांत त्यास मुद्दाम चालविलें. पोंत प्रांतांत कोमाना गांवाजवळ त्याचें बळ सरलें. एका हुतात्म्याच्या लहान मंदिरांत त्यानें पांढरीं वस्त्रें मागून घेतलीं, आपले कपडे जवळच्यांस वांटून दिले, प्रभुभोजन घेतलें, व देवाची स्तुति करीत १४ सप्टेंबर ४०७ रोजीं प्राण सोडिला. क्रिसोस्तोम म्हणजे सुवर्णमुख हें नांव लोकांनीं त्यास मागाहून दिलें.

राणी यूदोक्सिया त्याच्या आधींच, हद्दपारीच्या वर्षांतच, बाळंतपणाच्या दुखण्यानें वारली होती. इ. स. ४३८ च्या जानेवारींत योहानाच्या अस्थि कोमानाहून राजधानीस आणिल्या, तेव्हां गादीवर तिचा मुलगा दुसरा थिओदोसियस होता. तो त्या पेटीपाशीं गेला, तिच्यावर आपलें तोंड ठेविलें, आणि आईबापांनीं अजाणपणें जो अन्याय केला त्याची क्षमा मागितली.